गोंदणाचा शेवटचा ठिपका

आमच्या गावात कुणाच्या तोंडावर पुटकुळी उठली आणि महिनाभरात बसली नाही, की ते माणूस आमच्या घरी येतं. राहनाळात आमच्या घराची ही नवी ओळख. पूर्वी लोक थोरल्या दिरांकडे यायचे, गोडाऊनला जागा आहे का विचारायला. आता माझ्याकडे येतात. ओटीवर बसतात, चहा पितात, इकडचं तिकडचं बोलतात आणि मग आवाज बारीक करून विचारतात, "वैनी, ते थराथराचं ऑपरेशन, म्हंजे नक्की काय करतात वो?"

मी सगळं सांगते. जेवून जा, रोजच्या गोळ्या घेऊन जा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. अख्खा दिवस मोकळा ठेवा, कारण किती वेळ लागेल ते डॉक्टरलाही आधी माहीत नसतं. आणि सोबत एकच माणूस न्या, तोही ऐकून घेणारा. घरात ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, त्याला घरीच ठेवा. हे शेवटचं मी आताशा जरा जोरात सांगते, कारण थोरले दीर बहुतेक वेळा पलीकडे पेपर वाचत बसलेले असतात.

माझ्या सासूबाईंच्या कपाळावर गोंदण होतं. दोन भुवयांच्या मध्ये चंद्रकोर, आणि तिच्या डाव्या अंगाला चांदणीसारखा एक ठिपका. लहानपणी गोंदणारीण गावात आली तेव्हा त्यांच्या आईने हातपाय धरून गोंदवून घेतलेलं. सासरे फार लवकर गेले. माझा नवरा तेव्हा पाळण्यात होता. बायकांनी सासूबाईंचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, गळ्यातलं काढून घेतलं. गोंदणावर मात्र कुणाचं काही चाललं नाही. हे त्या मला कितीदा तरी सांगायच्या, आणि सांगताना कपाळावर बोट आपटायच्या. "सगला काढून नेला गो. ह्यो न्हाय नेता आला कुनाला."

त्यांचं म्हणणं असं की माणूस मेलं की अंगावरचं सगळं उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर जातं. वर गेल्यावर सासरे त्यांना ओळखणार ते त्याच खुणेवरून. सासरे गेले तेव्हा सासूबाई तरुण होत्या, आता तोंड सुरकुतलेलं, दात गेलेले. ओळखणार कशावरून? मला हे ऐकताना सुरुवातीला हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

त्या वाईट नव्हत्या. पण कडक होत्या. मी कल्याणची, आमच्या घरी सगळेच मोठमोठ्याने बोलणारे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी चुलीपाशी बसून नवऱ्याला हाक मारली. सासूबाई आत आल्या, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "आपल्या घरात सुनंचा आवाज ओटीवर येत न्हाय." रागावल्या नाहीत, नुसतं सांगितलं. मी शिकले. माजघराच्या उंबऱ्यापाशी थांबेल एवढाच आवाज काढायला शिकले, आणि मग तो तसाच राहिला. पुढे घर पाडून दोन मजली बांधलं, चूल जाऊन गॅस आला, ओटीला फरशी बसली. माझा आवाज तेवढाच.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे दुखणं आलंच मुंगीच्या पावलांनी. चंद्रकोरीचं डावं टोक जरा जाड दिसायला लागलं. काळंनिळं, चकचकीत, जसा काही गोंदणाचा रंग आतून झिरपून बाहेर आला. आळीतल्या म्हाताऱ्या जमल्या, त्यांनी निरखून पाहिलं आणि निकाल दिला की गोंदण फुललं. एक तर म्हणाली, "तुजा दादला याद करतंय." सासूबाई लाजल्या. खरंच लाजल्या, मी पाहिलंय. त्यानंतर कित्येक महिने त्या येणाऱ्याजाणाऱ्याला फुललेलं गोंदण दाखवायच्या. आणि आम्ही सगळे ते कौतुकाने बघायचो.

मग त्यावर खपली धरायला लागली. खपली पडली की टॉवेलला रक्त लागायचं, मग पुन्हा बरं दिसायचं, मग पुन्हा खपली. दर रविवारी त्यांच्या डोक्याला तेल मीच लावायची, त्यामुळे ते माझ्या डोळ्यांसमोरच वाढत होतं. कडा उंच झालेल्या, मध्ये खड्डा. मी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, भाऊला विचार. भाऊ म्हणजे थोरले दीर. आमच्या घरात दूधवाला बदलायचा तरी भाऊला विचारतात. भाऊंनी त्यांना निजामपुऱ्यात नेलं, त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडे. मीही गेले होते. दवाखान्याच्या भिंतीला लागूनच कापडाच्या लूमचा कारखाना, त्या खडखडाटात डॉक्टरला ओरडून सांगावं लागायचं. मी जमेल तेवढं ओरडून विचारलं की हा कॅन्सर तर नसेल ना. तो हसला. म्हणाला, कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांना होतो, आपल्याला नाही. भाऊही हसले. एक ट्यूब लिहून दिली.

ती ट्यूब संपली, मग दुसरी, मग तिसरी. ट्यूब लावली की खपली जायची आणि घरातल्यांना बरं वाटायचं. दुखत मात्र कधीच नव्हतं. दुखलं असतं तर कुणीतरी हललं असतं. सासूबाई अख्खा जन्म शेतात आणि मिठागरात उन्हात राबलेल्या, डोक्यावर पदराशिवाय काही नाही. न दुखणाऱ्या जखमेला त्यांनी जखम मानलंच नाही.

एक दिवस जेवता जेवता त्यांच्या कपाळातून रक्ताची धार निघाली आणि डोळ्यात गेली. नातवंडं घाबरली, तेव्हा कुठे ठाण्याच्या कातडीच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. तिने एक भिंग लावून पाहिलं. बारीकसा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. गोंदण फुललं नव्हतं. गोंदणाच्या रंगात रंग मिसळून तो इतकी वर्षं बसला होता.

डॉक्टरीण शांतपणे समजावत होती. हा कॅन्सर सहसा फुप्फुसात वगैरे पळत नाही, पण जिथे आहे तिथे खणत जातो. वरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त पसरलेला असतो, आणि किती ते डोळ्यांना दिसत नाही. पाठीवर असता तर आजूबाजूची चांगली कातडी धरून मोठा गोल काढून टाकता आला असता. इथे दोन बाजूंना दोन डोळे. म्हणून मुंबईला जा, तिथे थराथराने काढतात. एक पातळ थर काढायचा, त्याच्या कडांना रंग लावून नकाशा करायचा, आणि पेशंटला पट्टी बांधून बाहेर बसवायचं. तोवर आत सूक्ष्मदर्शकाखाली त्या थराच्या सगळ्या कडा आणि खालची बाजू बघायची. नकाशात जिथे मूळ उरलेलं दिसेल, फक्त तिथलाच पुढचा थर काढायचा. सगळीकडे स्वच्छ दिसलं की मग टाके. चांगली कातडी फुकट जात नाही आणि वाईट मागे राहत नाही.

हे मी नीट ऐकलं. नवरा मोबाईल बघत होता आणि भाऊ मुंबईत कुणाची ओळख आहे ते आठवत होते.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही चौघं मुंबईला गेलो. भाऊ गाडी चालवत होते आणि कशेळीच्या पुलावर कंटेनरवाल्यांना शिव्या देत होते. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये आमच्यासारखेच बसलेले. कुणाच्या नाकाला पट्टी, कुणाच्या कानाला, आणि प्रत्येकाच्या मांडीवर डबा. ऑपरेशन करणारी डॉक्टर वयाने लहान होती. भाऊंनी माझ्या नवऱ्याकडे बघून नाक मुरडलं. "पोरगी हाय," एवढंच म्हणाले.

सासूबाईंनी मात्र तिचा हात धरला. "बाय, काय कापायचा तो काप. माजा गोंदन ठेव."

"आजी, जेवढं चांगलं असेल तेवढं सगळं ठेवणार," ती म्हणाली. "म्हणून तर एवढं थोडं थोडं काढायचं. पण किती राहील ते बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही. आत्ता शब्द दिला तर खोटा होईल."

मला ती आवडली. भाऊंना नाही. डॉक्टरने छातीवर हात ठेवून सांगावं की सगळं ठीक होईल, असं त्यांना वाटतं.

भूल जागेपुरतीच असते. सासूबाई पहिल्या थरानंतर स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आल्या. सुई टोचताना झोंबलं, मग काही कळलं नाही, नुसता जळल्याचा वास आला, म्हणाल्या. रक्त थांबवायला तिथे चटका देतात, त्याचा तो वास. मग त्यांनी डबा मागितला आणि तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. त्या वासाने अर्धा हॉल आमच्याकडे वळून बघायला लागला. मला त्या दिवसात तेवढंच एकदा हसू आलं.

मग पुन्हा बोलावलं. आणि इथेच घोळ झाला. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला दोन-दोनदा सांगते, की पुन्हा बोलावलं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही, ते ऑपरेशनच तसं असतं. पुन्हा बोलावतात म्हणजे ते नीट शोधतायत. ज्याला एकदाच बोलावतात तो नशीबवान, पण ज्याला चारदा बोलावतात त्याचंही बरोबरच चाललेलं असतं. पण भाऊंनी आयुष्यात कामगाराला एक काम दुसऱ्यांदा करायला लागलं की हाकलून दिलेलं. ते हॉलभर ऐकू जाईल असे म्हणाले, "जमला न्हाय तिला."

मी म्हटलं, "भाऊजी, तसं नसतं, ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना..."

"तू गप ऱ्हा."

दुसऱ्या थरानंतर सासूबाईंनी आरसा मागितला. नर्सने आधी डॉक्टरला विचारलं. डॉक्टर स्वतः आली, पट्टी उघडण्याआधी म्हणाली की जखम दिसते त्यापेक्षा मोठी वाटेल, पण नंतर मिटवता येईल. सासूबाईंनी जखम बघितलीच नाही. त्या गोंदण शोधत होत्या. चंद्रकोर गेली होती, सगळी. तिच्या जागी लाल खड्डा. खड्ड्याच्या काठावर, डाव्या भुवईच्या बाजूला, तो एक हिरवट ठिपका तेवढा उरला होता.

"ह्यो हाय," त्या म्हणाल्या आणि आरसा परत दिला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

थोड्या वेळाने डॉक्टर पुन्हा आली. या वेळी आत बोलावलं नाही, सासूबाईंच्या शेजारी बाकावर बसली. हातात नकाशा होता, कपाळाचं चित्र आणि त्यावर रंगीत रेघा. "आजी, पहिल्यांदा दोन जागी मूळ राहिलं होतं. उजवीकडचं संपलं. आता ही एकच जागा." बोट नेमकं ठिपक्याखाली होतं. "खालून डोळ्याच्या दिशेने जातंय. अजून बारीक आहे. आज काढलं तर ठिपका जाईल, पण बाकी सगळं वाचेल. नाही काढलं तर ते थांबणार नाही."

सासूबाईंनी मान हलवली. "न्हाय. आता बास."

"का आजी? दुखतंय?"

"माजा मानूस मना कशावरून वलखल?"

डॉक्टरला कळलं नाही. मला कळलं, माझ्या नवऱ्याला कळलं, भाऊंनाही कळलं. आमच्यातल्या कुणीच तिला ते समजावून सांगितलं नाही. नवरा आपल्या बुटांकडे बघत राहिला. भाऊंचा चेहरा मात्र सुटल्यासारखा झाला. सकाळपासून त्यांना कुणीतरी पुरे म्हणायला हवं होतं. "आये बोलते ना नको. म्हातारीला किती कापाल? उद्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवू."

मी बाकाच्या मागे उभी होते. मी म्हटलं, "आई, काढून टाकू द्या. एवढासाच तर राहिलाय."

डॉक्टरने मान वर केली. "तुम्ही काय म्हणालात?"

"काय न्हाय," भाऊ म्हणाले. आणि मोबाईल काढून आम्ही घरी निघतोय असं कुणाला तरी सांगायला लागले.

डॉक्टर बराच वेळ बसली. पुन्हा समजावलं, वेगळ्या शब्दांत. जबरदस्ती करता येत नाही, म्हणाली. हवं तर थोड्या दिवसांनी या, उरलेलं काढू, किंवा किरणांचा शेक देण्याचा विचार करू, पण या. निदान दर काही महिन्यांनी दाखवायला या. मग बाजूची कातडी ओढून तिने खड्डा मिटवला, आणि तो इतका सुबक मिटवला की त्यातच पुढचा घात झाला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे सुजून काळे पडले. डॉक्टरने आधी सांगितलं होतं, पण गावाला कुठे माहीत. ओटी भरून लोक आले. भाऊ सगळ्यांना सांगत होते की ती कापतच सुटली होती, मी थांबवलं. लोक माना डोलावत होते. टाके निघाले, सूज गेली, आणि कपाळावर नुसती एक बारीक उभी रेघ राहिली. रेघेच्या शेजारी तो ठिपका. सासूबाई आंघोळ झाली की त्यावर बोट फिरवायच्या.

दाखवायला कुणी गेलं नाही. आधी भाताची लावणी होती, मग गोडाऊनचे भाडेकरू बदलायचे होते, मग कशेळीला रस्ता खोदलेला होता. मी नवऱ्याच्या मागे लागले तर तो म्हणाला, बरं आहे ना आता, कशाला उकरून काढतेस. एकदा मी न सांगता रिक्षा दारात आणून उभी केली. ठाण्यापर्यंत तरी जाऊ म्हटलं. सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, पण चपला घालीनात. "भाऊ येवं दे, मग जावू," म्हणाल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला.

मला त्या सगळ्यांचा राग येतो. निजामपुऱ्याच्या डॉक्टरचा येतो, भाऊंचा येतो, बुटांकडे बघणाऱ्या नवऱ्याचा तर सगळ्यात जास्त येतो. गोंदण फुललं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचाही येतो, आणि त्यातल्या दोघी आता हयात नाहीत म्हणून तो काही कमी होत नाही. राग गेला पाहिजे असं लोक म्हणतात. माझा गेलेला नाही.

वरची कातडी गुळगुळीत होती, म्हणून आत काय चाललंय ते कुणाला दिसलं नाही. पहिल्यांदा डावी भुवई ताठ झाली. मग त्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं, मग एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. भाऊ म्हणाले, मोतीबिंदू असेल. या खेपेला मी कुणाला विचारलं नाही, ठाण्याला घेऊन गेले. सासूबाईही मुकाट आल्या. स्कॅन झाला. टाक्यांच्या खालून, ठिपक्याच्या खालून ते सरकत सरकत डोळ्याच्या खोबणीत उतरलं होतं. आता थराथराने काढायचं काम राहिलं नव्हतं. मुंबईच्या त्याच डॉक्टरने रिपोर्ट पाहिला आणि आम्हाला मोठ्या सर्जनकडे पाठवलं. ती आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पूर्ण भूल देऊन ऑपरेशन झालं. डावा डोळा काढला, आजूबाजूचं सगळं काढलं, हाड खरवडलं. ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो ठिपकाही अर्थातच गेला.

आता भाऊ येणाऱ्यांना सांगतात की मुंबईच्या पहिल्या डॉक्टरणीने काम अर्धवट सोडलं. मी आतून ऐकते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पहिल्या वेळी मी थांबवलं म्हणून सांगणारा हाच माणूस. लोक तेव्हाही माना डोलावत होते, आताही डोलावतात. ड्रेसिंगच्या वेळी मात्र भाऊ खोलीत येत नाहीत. नवराही येत नाही. ते काम माझं.

परवा सकाळी मी पट्टी सोडत होते. जखम आता स्वच्छ आहे, पण तिथे बघायची सवय काही होत नाही. सासूबाई उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघत होत्या. बऱ्याच दिवसांत त्या काही बोलल्या नव्हत्या.

"तवा तू का न्हाय बोललीस?"

मला आधी कळलंच नाही कधीचं म्हणतायत. मग कळलं. "बोलले होते, आई. काढून टाकू द्या म्हटलं होतं."

"मना न्हाय आयकू आला." त्या म्हणाल्या. "मोठ्यानी बोलाचा होता गो."

माझ्या हातात कापूस होता. तो मी ताटलीत ठेवला.

"मोठ्याने कशी बोलणार होते?" मी म्हटलं. "या घरात मोठ्याने बोलायचं नाही, हे मला कुणी शिकवलं?"

आवाज ओटीपर्यंत गेला असावा. बाहेर पेपरची सळसळ थांबली. सासूबाईंनी कपाळाकडे हात नेला, जिथे त्या पूर्वी बोट आपटायच्या तिथे, आणि मध्येच तो खाली घेतला.

"पट्टी बांध," त्या म्हणाल्या.